सहा अंडी आणि एक हाड

जना निरगुडाचं नाव बदलायचा पहिला प्रयत्न आश्रमशाळेत झाला. दहावीचा फॉर्म भरताना गुरुजी म्हणाले, "जना काय गं हे? जान्हवी लिहू या. पुढे शिकशील, चारचौघांत सांगायला बरं." वाडीवरून उतरून आलेली सोळा वर्षांची पोर, गुरुजींपुढे मान वर करायची पद्धत नाही. तिनं फॉर्मच ओढून घेतला, 'जना वाघ्या निरगुडा' असं ठसठशीत लिहिलं आणि म्हणाली, "आजीचं नाव हाय माझ्या. बरं दिसू दे नायतर नको दिसू दे." गुरुजींनी कपाळाला हात लावला.

आज त्या नावाच्या आधी डॉक्टर लागतं. कर्जतजवळच्या पोशीरच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथल्या सुंदराकाकूला ही डॉक्टरकी अजून पटलेली नाही. जना घरी आली की काकू गुडघा पुढे करून बसते. "काकू, मी मेलेल्यांची डॉक्टर," जना सांगते, "आन ते पन साडेसहा कोटी वर्सांमागं मेलेल्यांची." काकू म्हणते, "मंग माजा नंबर लागंल लवकरच," आणि गुडघा काही मागे घेत नाही.

तर डायनासोरची हाडं आणि अंडी शोधणं हा जनाचा उद्योग. ठाकरवाडीतली पोर तिथवर पोचली कशी, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. विचारताना त्यांच्या भुवया जेवढ्या वर जातात तेवढा जनाचा पारा चढतो. पोचली कशी म्हणजे? चालत पोचली! शिवाय बापच दगडातला. वाघ्या निरगुडा तीस वर्षं खदानीवर घण मारत होता. घण उचलायच्या आधी तो दगडाला चहूबाजूंनी टकटक करायचा, कान लावायचा आणि एका जागी बोट ठेवायचा. तिथंच दगड उकलायचा. लेकीला त्यानं बाहुली कधी आणली नाही, पण भरीव आवाज कुठला, पोकळ कुठला, चीर कुठून कुठे गेली हे ती सात वर्षांची असतानाच सांगायची. कर्जतला बारावी करून ती पुण्याला भूगर्भशास्त्र शिकायला गेली. पहिल्या तासाला सरांनी दगड हातात देऊन विचारलं, काय दिसतं? सगळी मुलं बघत बसली. जनानं तो बाकावर आपटून ऐकला.

पहिली हातोडी विकत घेतली तेव्हा मोठ्या कौतुकानं ती बापाला दाखवायला आणली. एका बाजूनं चपटी, दुसऱ्या बाजूनं टोकदार, धरायला रबर. वाघ्यानं ती दोन बोटांत धरून फिरवली. "ह्या खेळण्यानं काय फुटतंय, बाय?" म्हणाला आणि परत दिली.

एम. एस्सी.च्या वर्षी ती सरांच्या तुकडीबरोबर चंद्रपूरकडे गेली. तिथं लाव्हाच्या खालचे मऊ थर उघडे पडलेत, त्यात हाडं मिळतात. आणि तिथंच तिला ती जिभेची परीक्षा कळली. हाड आणि दगड दिसायला सारखेच झालेले असतात, मग तुकडा जिभेला लावायचा. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला धरून ठेवतं. दगड सोडून देतो. शहरातली मुलं तोंडं वाकडी करत होती. जनानं पाच दिवसांत इतकी माती चाटली की भाकरीची चव कळेना. सहाव्या दिवशी एक करडा तुकडा जिभेला लागला तो सुटेना. त्याच जागी उकिडवी बसून तिनं आठ दिवस ब्रशनं माती काढली. लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरचं मांडीचं हाड निघालं. उभं केलं असतं तर तिच्या छातीला लागलं असतं. ती रडली त्या दिवशी, अगदी हुंदके देऊन, आणि कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही.

वर्षानं सरांचा लेख छापून आला. शोध सरांचा. शेवटी आभाराच्या ओळीत लिहिलं होतं, स्थानिक मजुरांनी सहकार्य केलं. आता सांगा, अख्खा महाराष्ट्र ओलांडून कर्जतहून गेलेली पोरगी चंद्रपुरात स्थानिक कशी झाली? पण ठाकराची पोर, हातात टिकाव, म्हणजे मजूरच असणार. जना लेख घेऊन सरांच्या खोलीत गेली.

"सर, हाड मला सापडलं."

"अगं, विज्ञानात मी आणि तू असं नसतं."

"मग तुमचं नाव काढा."

एवढ्या एका वाक्याची शिक्षा तिनं तीन वर्षं भोगली. सरांनी दार लावलं, दुसरं कुणी उघडेना. शिकवण्या केल्या, प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या, "माफी माग की, काय बिघडतंय" असं मैत्रिणींकडून ऐकून घेतलं. माफी काही मागितली नाही. शेवटी दुसऱ्या एक मार्गदर्शक बाई मिळाल्या आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडणाऱ्या डायनासोरच्या अंड्यांच्या कवचावर तिनं चार वर्षं घालवली. अंड्याचं कवच कसं ओळखावं हे देशात ज्यांना विचारतात, त्या मोजक्या लोकांत आता जना आहे. पुण्यात कॉलेजात शिकवते. आणि तिनं एक नियम करून ठेवलाय. तिच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक दगडाच्या चिठ्ठीवर पहिली ओळ एकच, कुणाला सापडला. 'कमळ्या, बकऱ्या चारतो' असंसुद्धा एका चिठ्ठीवर आहे आणि ती चिठ्ठी परदेशी पाहुण्यांनी वाचलीय.

दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ती पोशीरला यायची. नाक्यावर एक बंद गाळा होता, तिथं तिनं दगडांची खोली मांडली होती. मालक जितेश. कर्जतच्या कॉलेजात हा तिच्या वर्गात होता, बारावीची प्रॅक्टिकलची वही तिच्याच वहीवरून उतरवून पास झाला. भातशेतीवाल्या घरचा, पुढे जमिनीच्या व्यवहारात पडला आणि हां हां म्हणता मोठा शेठ झाला. गाळा त्यानं नुसत्या ओळखीवर दिला होता, हेही खरं सांगायला हवं. अकरा वर्षं ती खोली चालली. नेरळपासून मोहोपाड्यापर्यंतच्या शाळा यायच्या. मुलं तिला चाटायची खोली म्हणायची, कारण जना प्रत्येकाच्या हातावर हाडाचा वेगळा बारीक कण ठेवायची आणि जिभेला लावायला सांगायची. चिकटला की पोरं अशी काय किंचाळायची! कारखान्यात पाळी करणारे बापसुद्धा पोरांच्या मागून हळूच जीभ काढायचे.

पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, आपल्याकडं डायनासोर सापडतो का?" जना ठणकावून सांगायची, नाही. आपले डोंगर लाव्हाचे. पायाखाली हजारो फूट लाव्हा, एकावर एक थर. इथं कधी काही चरत असलंच तर ते सगळं त्याच्या खाली गेलं. मुलांची तोंडं पडायची. पण खोटं सांगून पोरांना खूश करणं तिला जमायचं नाही.

आणि नेमकं हेच खोटं जितेशला हवं झालं.

खालापूरच्या बाजूला, टोलनाक्यापासून आत, त्यानं मोठं रिसॉर्ट काढलं. पोहण्याच्या तलावासाठी जेसीबी लावला तेव्हा मुरमातून सहा गोल गोटे निघाले, एका ओळीत, कलिंगडाएवढे. शिवाय एक लांबट, हाडासारखा दिसणारा दगड. जितेशनं जनाला गाडी पाठवून नेलं. गोट्यांखाली गवत अंथरलं होतं, वर दिवे सोडले होते.

जना खदखदून हसली. "अरे, हे गोटे आहेत. दगडाला चिरा पडतात, पाणी शिरतं, कोपरे झिजतात, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत आतला गोल उरतो. खोपोलीपर्यंत कुठलाही रस्ता खोद, असले शंभर निघतील."

"मला माहीत आहे गं," जितेश शांतपणे म्हणाला. "तू फक्त एका कागदावर सही कर. अंडी तुझा विषय. तू म्हणालीस की विषय संपला."

मग त्यानं सगळं पुढ्यात मांडलं. रिसॉर्टच्या आवारात दुमजली संग्रहालय, दारावर जनाचं नाव. तिचा भाऊ जगदीश गेटवरचा मुख्य. वाडीतली आणखी चौदा माणसं कायमची कामाला. आणि उठता उठता, सहज आठवल्यासारखं, "नाक्यावरच्या गाळ्याला गिऱ्हाईक आलंय बरं का. तुझ्यामुळे थांबवलंय."

जना वाडीवर आली ती धुमसतच. पण घरात जगदीश वाट बघत बसला होता, त्याच्या कानावर सगळं आधीच आलं होतं.

"ताई, दगडाला अंडं म्हनलं तर दगडाचं काय जातंय?" तो म्हणाला. "चौदा घरं हायत. पोरं मोहोपाड्याला कारखान्यात कंत्राटावर जातात, आज काम हाय, उद्या नाय. तू पुन्याला ऱ्हातीस. तुला एक सही."

भाऊ खोटं बोलत नव्हता. ती बोलली तेव्हा आवाज चिरकला. "जगदीश, माझ्याकडं दुसरं हाय काय रं? जमीन नाय, जुमला नाय. मी अंडं म्हनलं तर अंडं आन दगड म्हनलं तर दगड, एवढंच माझं धन. तेच इकलं तर मी त्या पोरांना कुठल्या तोंडानं सांगू?" जगदीश उठून बाहेर गेला. म्हातारा वाघ्या भिंतीला टेकून खोकत होता. सही तिनं केली नाही.

तीन आठवड्यांनी सुंदराकाकूच्या लेकीनं फोनवर फोटो पाठवला. रिसॉर्टच्या फाटकाशी भलीमोठी पाटी, त्यावर सहा अंडी, एक हाड, आणि खाली, 'डॉ. जना निरगुडा यांनी तपासून खात्री केलेली'. रविवारी उद्‌घाटन. फाटकाशी गणवेशात उभा जगदीश.

जनाच्या डोक्यात तिडीक गेली. काय माणसं आहेत ही! हाड सापडलं तेव्हा तिचं नाव लावायला जागा नव्हती, आणि आता न विचारता फाटकावर लावतायत. तिनं पुण्याहून पहाटेची गाडी धरली, वाडीवर जाऊन पिशवीत हातोडी टाकली आणि निघाली तर बाप दारात चपला घालून उभा. "मी पन येतो," वाघ्या म्हणाला. "अंडी बघीन म्हनतो."

मांडव भरला होता. शाळांच्या बसेस आल्या होत्या, पंचक्रोशीतली माणसं होती, दोन कॅमेरेवाले होते. जनाला बघून जितेश क्षणभर बिचकला, पण पक्का माणूस, लगेच हसला. "आणि आपल्या भूमिकन्या, डॉक्टर जना निरगुडा स्वतः आल्या आहेत! दोन शब्द बोलतील." माईक देताना तिच्या कानाशी पुटपुटला, "गोड बोल. तुझा भाऊ गेटवर उभा आहे."

जनानं गेटकडे बघितलं. जगदीशनं मान खाली घातली. तिनं माईक दोन्ही हातांत धरला.

"हाडापासून सुरू करते," ती म्हणाली. पिशवीतून तिनं नखाएवढा हाडाचा कण काढला, जिभेला लावला आणि हात सोडून दिला. कण लोंबकळत राहिला. पुढच्या रांगेतल्या मुलांनी हे चाटायच्या खोलीत कितीदा पाहिलं असेल, ती ओरडलीच, "चिकटलं!" मग जना त्या गवतावरच्या लांबट दगडापाशी गेली, वाकली आणि अख्ख्या मांडवासमोर त्याला चाटलं. काही चिकटलं नाही. "माझी जीभ जुनी झाली असेल," ती म्हणाली. "जितेशशेठ, तुम्ही बघा."

"चाटा! चाटा!" पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. कॅमेरे वळले. जितेशला हसत हसत वाकावं लागलं, आणि त्यानं इस्त्रीच्या जाकिटात तो दगड चाटला. हशा असा उसळला की भटारखान्यातले आचारी बाहेर आले.

जना हसली नाही. "त्या पाटीवर माझं नाव आहे," ती म्हणाली. "मी असं म्हटलेलं नाही, लिहिलेलं नाही, सही केलेली नाही. हे हाड नाही आणि ही अंडी नाहीत. माझं नाव मी सोळाव्या वर्षी राखलं, सरांपुढं राखलं, इथं सोडणार नाही. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे."

मागून एकानं हाळी दिली, "मॅडम, कशावरून? आत पिल्लू असंल!" काहींनी टाळ्या पिटल्या. अंडी हवीच होती लोकांना. चहाच्या टपऱ्या टाकायच्या होत्या, शेताकडेला पार्किंग करायचं होतं. मांडवाचा नूर फिरत चालला.

तेव्हा पहिल्या रांगेतून वाघ्या उठला. काठी टेकत गवतापाशी आला, धापा टाकत टेकला आणि लेकीपुढे हात केला. "दे ते तुजं खेळनं."

जितेश पुढे झाला, "बाबा, अहो बाबा, हात नका लावू," पण म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं पहिला गोटा टकटक केला, कान लावला, सोडून दिला. दुसरा सोडला. तिसऱ्याला चहूबाजूंनी ठोकून बघितलं, थांबला, आणि डावं बोट एका जागी ठेवलं. जनानं ते बोट ओळखलं. तिनं माईक गोट्यापाशी धरला.

एकच घाव. फार जोराचाही नव्हता, दमा लागलेल्या माणसाच्या हातात असतं किती? गोटा उकलला. पिवळट पापुद्रे एकामागून एक सुटून पडले आणि मधे उरला काळा कुळकुळीत दगड, भरीव.

वाघ्या माईककडे बघून बोलला नाही, तो मागच्या त्या हाळी देणाऱ्याकडे बघून बोलला. "असली अंडी म्या तीस वर्सं फोडली. एकातनं पन पिल्लू नाय निंगालं, खडी निंगाली. तुमी ज्या रस्त्यानं आलात ना, तो समदा ह्याच अंड्यांचा हाय."

मग मोहोपाड्याकडच्या शाळेची पोरं टाळ्या वाजवायला लागली, आणि टाळ्या थांबेचनात. जनानं त्या गोट्याचा अर्धा भाग पिशवीत घातला, बापाचा दंड धरला आणि फाटकातून बाहेर पडली. जगदीशनं फाटक उघडून दिलं, नजर दिली नाही.

आता पुढचं सगळं गोडगोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप लागलं आणि अकरा वर्षांचं सामान फुटपाथवर आलं. जगदीशचं काम गेलं. वाडीत बायका जना दिसली की पाणवठ्यावर पाठ फिरवायच्या. रिसॉर्ट जोरात चालू आहे, पाटी गेली, तिथं आता रबरी डायनासोर डुलतात. वाडीतली नऊ माणसं जितेशनं घेतलीच, कारण झाडू मारायला माणसं लागतातच. जगदीशला घेतलं नाही. तो दोन महिने बहिणीशी बोलला नाही, आणि तिनंही समजूत घातली नाही, कारण त्याचा राग तिला खरा वाटत होता.

एका शनिवारी ती आली तर घराच्या पडवीत फळ्या ठोकण्याचा आवाज येत होता. जगदीश तोंडात खिळे धरून भिंतीला मांडण्या मारत होता. नाक्यावरचं सामान त्यानं टेंपोनं वर आणलं होतं. "चाटायची खोली कुठं गेली, कुठं गेली करून पोरं डोकं खातात," तो खिळ्यांमधून म्हणाला. "आपल्या वाडीतली दोन पोरं पन. बोलू नको माज्याशी, फळी धर."

तिनं फळी धरली. पुढच्या महिन्यात पहिली शाळा डोंगर चढून आली.

जितेशचा मात्र फोन आला. फोडलेला गोटा रिसॉर्टची मालमत्ता आहे, परत आणून दे.

"ये की घ्यायला," जना म्हणाली. "पण चिठ्ठीसकट न्यायचा, आणि चिठ्ठीसकटच मांडायचा."

तो आला नाही. ती चिठ्ठी तिनं पडवीत मांडण्या लागल्या त्याच दिवशी लिहिली होती. 'डायनासोरचं अंडं नाही. बेसॉल्टचा गोटा. कुणी फोडला: वाघ्या निरगुडा, खदान कामगार.' लिहून ती गोट्याखाली डकवत होती तेव्हा म्हातारा काठी टेकत पडवीत आला. त्याला वाचता येत नाही.

"काय लिवलंस?"

जनानं वाचून दाखवलं. "ह्यातलं माजं कुठलं?" त्यानं विचारलं. तिनं त्याचं बोट धरलं, तेच डावं बोट, आणि नावावर ठेवलं. वाघ्यानं ते अक्षरांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, चीर शोधताना फिरवायचा तसं.

"तीस वर्सं फोडला," तो म्हणाला. "कुटंच लिवलं नव्हतं कुनी."

जनाच्या डोळ्यांना धार लागली. म्हातारा खोकला, घसा साफ केला आणि काठीनं वरची फळी दाखवली.

"ती चिठी जरा उंच लाव, बाय. तुजी पोरं चाटून टाकतील."